जुलैअखेर बाळंतपण, माहेर चिपळूण: आधी नेमकं काय घेऊन ठेवू?

पागोळी

नमस्कार मंडळी. पहिलं बाळंतपण आहे, डॉक्टरांनी २४ जुलै तारीख दिली आहे. मी आणि नवरा दोघं पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रजा सुरू झाली की मी माहेरी चिपळूणला जाणार.

ऑफिसातल्या मैत्रिणीने एक यादी पाठवली आहे. ६४ वस्तू, एक्सेलमध्ये, रंग वगैरे देऊन. त्यात ओले रुमाल गरम करायचं यंत्रसुद्धा आहे. ती मी आईला फोनवर वाचून दाखवायला लागले, तर चौथ्या वस्तूलाच आईने थांबवलं. "बाळ हातात येईपर्यंत घरात एक टाचणी नवी आणायची नाही." मला तिच्याशी वाद घालायचा नाहीये. माझ्या आधी तिचं एक बाळ गेलेलं आहे, त्याच्यासाठी आणलेली झबली पुढे कितीतरी वर्षं ट्रंकेत होती. ती असं का म्हणते ते मला कळतं.

पण जुलैअखेरचं चिपळूण म्हणजे काय, ते तिकडच्यांना सांगायला नको. आमचं घर बाजारपेठेला लागून. २२ जुलै २०२१ ला तळमजल्याच्या छताला पाणी टेकलं होतं. तेव्हापासून झोपायच्या खोल्या वर, खाली फक्त स्वयंपाकघर. तसं परत काही झालं, किंवा नुसती कुंभार्ली घाटात दरड आली आणि पुण्याहून निघालेलं पार्सल पाटणलाच अडकलं, तर मी त्या बाळाला गुंडाळू कशात?

तर कृपया अनुभवाचं सांगा. कपडे किती लागतात? लंगोट की डायपर? कॉट घ्यावी का? माझ्यासाठी काय लागेल? मैत्रिणीच्या यादीत आईसाठी म्हणून एकच वस्तू आहे, स्ट्रेच मार्कचं क्रीम. आणि आईचा नियम न मोडता हे सगळं कसं करायचं, तेही सुचवा.

दुपटं

अभिनंदन! आमच्याकडेही हीच पद्धत. आम्ही यादी करून नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवली होती. मुलगी झाल्यावर तो लक्ष्मी रोडला गेला आणि दोन तासांत दोन पिशव्या घेऊन आला. त्यात लंगोट एकही नव्हता, पण मोजे ११ जोड होते. "छोटे छोटे होते म्हणून घेतले" म्हणे. तात्पर्य, यादी नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या फोनमध्ये ठेव.

हातखंब्याची

पागोळी, मी रत्नागिरीकडची. मुलगा ऑगस्टमधला, मुलगी मे मधली. दोघांच्या सामानात इतका फरक होता की जणू दोन वेगळ्या देशांत झाली. त्यामुळे ती एक्सेल बाजूला ठेव. पावसाळ्याची यादी वेगळीच असते, आणि ती करणाऱ्याने दोरीवर वाळत घातलेला लंगोट दोन दिवसांनी हात लावून बघितलेला असावा लागतो.

मुलाच्या वेळी मी शहाणी होते. २४ लंगोट, १० झबली, सहा दुपटी, सगळं वाचून, मोजून. दवाखान्यातून घरी आलो तो श्रावणातला पहिला सोमवार. त्या दिवशी जी झड लागली ती चार दिवस उघडलीच नाही. नवजात बाळ सुती लंगोट दिवसाला १५ ते १८ भिजवतं. तू हिशेब कर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात एक कोरडा लंगोट नाही. स्वयंपाकघरात, माजघरात, जिन्याच्या कठड्यावर, पंख्याखाली, सगळीकडे लंगोट लटकलेले आणि त्यात वीज गेलेली. मी हाताने चाचपून "हा वाळला" म्हणायचे आणि घालायचे. पावसात आपलेच हात गार पडलेले असतात, त्यांना दमट कपडा कळतच नाही. चौथ्या दिवशी पोराचं बूड लाल झालं.

सासूबाईंनी लंगोट हातातून घेतला आणि वरच्या ओठाला लावला. "ओला आहे," म्हणाल्या. मी लावून बघितला. खरंच, ओठाला लगेच गार लागतो. तेव्हापासून दोन्ही मुलांचे कपडे मी ओठाला लावूनच घातले, आता शाळेचे गणवेशपण तसेच बघते.

मग त्यांनी माळ्यावरून टोपली काढायला लावली. बुरुडाकडची, विरळ विणीची, साधारण दोन हात रुंद. पडवीत शेगडी पेटवली, चांगले लाल निखारे होऊन धूर सरल्यावर वर राख पसरली, त्यावर टोपली उपडी घातली आणि टोपलीवर लंगोट पसरले. पापड उलटावेत तसे उलटत बसायचं, नाहीतर करपतात. दोन करपलेच, त्यांचा तपकिरी गोल डाग शेवटपर्यंत गेला नाही. रात्री साडेअकराला मी आत बाळ घेऊन आणि सासूबाई पडवीत पाटावर बसून लंगोट उलटतायत, बाहेर कौलांवरून धारा. सव्वा तासात १४ झाले. तुझं नाव पागोळी वाचलं आणि हेच आठवलं बघ.

तर आता आकडे. ऊन असेल तर २० लंगोट पुरतात, लेकीच्या वेळी मी १८ वर भागवलं. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस धर, म्हणजे तीन दिवसांचा साठा हवा, म्हणजे ५० च्या खाली जाऊ नकोस. घाबरू नकोस, ५० विकत घ्यायचेच नाहीत. इथेच तुझ्या आईचा प्रश्न सुटतो. नवं आणायचं नाही ना? मग जुनं काढा. तसंही बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं असतं आपल्याकडे, कुणाच्या तरी धडधाकट मुलाचं उतरलेलं. आईला म्हणावं, घरातली मऊ झालेली धोतरं, पंचे आणि सुती साड्या काढ. धोतराचे लंगोट उत्तम होतात, एकेरी कापड लवकर वाळतं. दुकानातले दोन-तीन पदरी, आत फलालीन लावलेले लंगोट दिसायला गोड, पण पावसात ते वाळत नाहीत ते नाहीतच. कडा दुमडून जाड शिवण घालू नका, तीच शेवटपर्यंत ओली राहते. पिको करून घ्या. साडेपाच मीटरच्या एका साडीत सहा दुपटी निघतात. दुपटी निदान १५ हवीत. गुंडाळायला, अंथरायला, अंग पुसायला, खांद्यावर टाकायला, सगळ्याला तेच.

झबली पुढून उघडी, बंदांची घ्या. डोक्यातून घालायची नकोत, पहिल्या महिन्यात ती मान सांभाळत डोक्यातून घालताना आपल्यालाच घाम फुटतो. १२ पुरे. जावेकडून, वहिनीकडून उतरलेली मिळतील तेवढी गोळा कर. टोपडी तीन, कुंची एक. कुंची मावशी किंवा आत्या शिवतेच, त्यावर पैसे घालू नकोस.

डायपर की लंगोट हा वाद पुण्यात बसून घालायचा. पावसात दोन्ही. दिवसा लंगोट, रात्री डायपर, आणि लागोपाठ झड लागली तर दिवसासुद्धा बिनदिक्कत डायपर. पण सगळ्यात लहान मापाचं एकच पाकीट आण. आमच्याकडे कुणीकुणी मिळून चार दिली, तिसरं फोडेपर्यंत पोरगं त्यात मावेना.

मेणकापडाचे दोन मोठे तुकडे घे, हल्ली ड्राय शीट म्हणतात ती मिळते, तीही चालेल. गादीवर मेणकापड, त्यावर दुपटं. गोधडी कितीही मायेने शिवलेली असली तरी जुलैत बाळाखाली घालू नकोस. एकदा भिजली की गणपतीपर्यंत वाळत नाही आणि तिचा कुबट वास साऱ्या खोलीला लागतो.

कॉट. माझ्या दिराने हौसेने आणली होती, पांढरी, गाद्या, उशा, बंपर म्हणजे कडेने लावायच्या गाद्या, सगळं त्यात. तीन आठवड्यांनी गादी उचलली तर खाली काळी बुरशी. त्यानंतर त्या कॉटचा उपयोग लंगोट वाळत घालायला झाला, आणि खरं सांगते, चारी बाजूंना दांड्या असल्यामुळे त्या कामाला ती फार छान होती. छत्रीसारखी उघडमीट होणारी मच्छरदाणी मात्र नक्की घे. साधी वस्तू, पण पावसाळ्यात तिच्याशिवाय चालणार नाही.

आता तुझ्यासाठी. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पुढून उघडणारे सुती गाऊन पाच, कारण तुझेही वाळणार नाहीत. मोठे पॅड भरपूर, रक्तस्राव चार-सहा आठवडे थोडाथोडा चालू राहतो. मोठा थर्मास, रात्री दर दोन तासांनी दूध पाजताना तुला घोटभर गरम पाणी लागेल आणि प्रत्येक वेळी कुणाला उठवायचं जिवावर येतं. पाजताना पाय टेकवायला एक बुटकं स्टूल. हळिवाचे लाडू आई करेलच. तेही बाळाच्या आधी करायचे नाहीत असं म्हणाली तर हळीव-गूळ आणून ठेवा, नारळ घरात असतोच.

आणि दोरी. घरात, वरच्या मजल्यावर, जास्तीत जास्त दोरी बांधून घे आत्ताच. मी हे सगळ्यात शेवटी लिहिलं, पण खरं तर सगळ्यात आधी हे कर.

निवृत्त सिस्टर

मी ३१ वर्षं प्रसूतिगृहात काढली. वरचं बहुतेक पटलं. ओठाला कपडा लावून बघणं तर आम्ही नव्या मुलींना शिकवायचो. फक्त एक गोष्ट ठणकावून सांगते. शेगडी पडवीत होती म्हणून ठीक. बंद खोलीत, बाळ-बाळंतिणीजवळ निखारे ठेवू नका. धूर दिसत नसला तरी कोळशाचा वायू दिसत नाही म्हणूनच घातक. धुरीही बाळाला नको. ओवा-शेपा जाळून बाळाला धुरात धरायची ती पद्धत बंदच करा. छातीत कफ होऊ नये म्हणून धुरी द्यायची आणि मग खोकतंय म्हणून आमच्याकडे आणायचं, हे मी फार बघितलं आहे.

पागोळी बाई, आता काय घेऊ नका ते सांगते. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा "असू दे घरात" म्हणून आणू नका. घरात असला की तिसऱ्या रात्री कुणीतरी उघडतंच. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, ते उगीच नाही. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वर पाणीही नको. क्वचित डॉक्टरांनी वरून दूध द्यायला सांगितलंच तर वाटी-चमचा किंवा बोंडलं आहे. आजीचं चांदीचं बोंडलं घरात असेल तर काढून ठेवा, वापरायच्या आधी उकळून घ्या. मध चाटवायचा नाही, वर्षापर्यंत नाही. घुटीची सहाण पुढे शोभेला ठेवा. काजळ डोळ्यांत नाही. मोहरीची उशी नको, बंपर नको, बाळ पाठीवर, टणक सपाट अंथरुणावर. टाल्कम पावडर नको, वेखंडही नको. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

हातमोजे-पायमोजे घातलेच तर आधी उलटे करून आतले सुटे दोरे कापा. दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला की रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते दिवसभर कळत नाही. जुन्या धोतराचे लंगोट करताना पिको सांगितलं ते म्हणूनही बरोबर.

घ्यायचं ते थोडंच आहे. डिजिटल थर्मामीटर. काखेत ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं, तर तीन महिन्यांखालच्या बाळाला घरी औषध नाही, सरळ डॉक्टर. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. म्हणून वाहन कुणाचं, कुठून निघणार, रस्त्यावर पाणी आलं तर दुसरा रस्ता कोणता, हे आत्ता ठरवा. तुमच्या घराचं सांगितलंत त्यावरून मी तर म्हणेन, तारखेच्या आसपास पावसाचा इशारा असला तर उंचावरच्या कुणा नातेवाइकाकडे राहायला जा.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. बाळाला कावीळ दिसली की लोक कोवळ्या उन्हाची वाट बघतात. चिपळूणला जुलैत ऊन कुठलं? आणि असलं तरी तो इलाज नव्हे. पिवळेपणा पोटावर, पायांवर उतरला, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दाखवा.

दवाखान्याच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सगळी फाइल, दोघांची आधार कार्डं, झिपच्या प्लास्टिक पिशवीत. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, हे तिन्ही झाल्याची नोंद कार्डावर बघूनच घरी या. हिपॅटायटिसची लस २४ तासांच्या आत द्यायची असते. जन्माची नोंद २१ दिवसांत. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव मागाहून घालता येतं.

हातखंब्याची

सिस्टर, शेगडी पडवीतच होती हो, खोलीत नाही. पण धुरीचं खरं आहे, लेकीच्या वेळी आम्ही बंद केली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "बरं झालं, माझेच डोळे चुरचुरायचे."

बाबा_नंबर_दोन

बायकांच्या धाग्यात घुसतोय, पण एका गोष्टीचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून. पागोळी, चिपळूणहून पुण्याला बाळ घेऊन परत कशा येणार? गाडीने, कुंभार्ली घाटातून, बरोबर? मग बाळाची कार सीट घ्या, मागे तोंड असलेली.

आमचा मोठा न्यू जर्सीत झाला. तिथे निघताना नर्स गाडीपर्यंत आली, बाळ सीटमध्ये नीट बांधलंय का बघूनच आत गेली. धाकटी पुण्यात झाली. इथे कुणी विचारलं नाही, आत्याने मांडीवर घेतली आणि निघालो. सिंहगड रोडला पुढच्या रिक्षाने कच्चकन ब्रेक मारला, मीही मारला. काही झालं नाही. पण आत्याचे हात ज्या वेगाने पुढे गेले ते मी आरशात बघितलं. दुसऱ्याच दिवशी सीट आणली. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मूल बांधलेलं नसलं तर हजार रुपये दंड आहे, पण तो भाग सोडा. घाटात मांडी म्हणजे सीट नव्हे.

स्ट्रोलर मात्र घेऊ नका. आमचा गॅलरीत आहे, त्यात कांदे ठेवतो.

आणि कार सीट पुण्यातल्या घरी येणार, चिपळूणला नाही. आईंच्या नियमात बसतं.

दुपटं

आमच्या स्ट्रोलरमध्ये बटाटे.

पागोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी चिपळूणला जाऊन आले, म्हणून उशीर झाला उत्तर द्यायला.

आईला धागा अख्खा वाचून दाखवला. सिस्टर, उंचावर राहायला जायचं तिला लगेच पटलं, मामाचं घर खेर्डीत जरा चढावर आहे, १८ जुलैपासून तिकडेच मुक्काम ठरला. मध नाही म्हटल्यावर मात्र तिचं तोंड पडलं. सोन्याच्या अंगठीने चाटवायचा असतो म्हणे. अंगठी नुसती दाखवू, असं ठरलंय.

जुनी धोतरं निघाली. आजोबांची चार. पुराच्या वेळी ती वरच्या कपाटात होती म्हणून वाचली. आई रविवारी दुपारी कात्री घेऊन बसली, पहिलं धोतर मांडीवर घेऊन बराच वेळ नुसतीच बसली, मग कापायला लागली. २२ लंगोट झाले आहेत. मावशीकडे अजून दोन धोतरं आणि एक इरकली आहे. इरकली देणार नाही म्हणते.

टोपली आमच्याकडेही होती, आजीची. ती २०२१ ला वाहून गेली. आईने बुरुडाला नवी करायला सांगितली आहे. मी म्हटलं, "अगं, नवी?" तर म्हणते, "ती बाळासाठी कुठे आहे? ती लंगोटांसाठी आहे."

एकच शंका राहिली. वरच्या खोल्यांत मिळून साठेक फूट दोरी बसेल. नायलॉनची घेऊ की काथ्याची? घरात काथ्या पडलेला आहे.

हातखंब्याची

नायलॉन. काथ्या स्वतःच ओला राहतो. आणि साठ नाही, शंभर फूट घे, दोन ओळी कर.